जुन्या वाहनाचें मोल

बदलापूर या नांवाची एक व्युत्पत्ति लोकांच्या तोंडीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. घांट आणि बंदर यांच्या दरम्यान जा-ये करणारे स्वार येथें थांबत, दमलेला घोडा देऊन ताज्या दमाचा घोडा घेत आणि वाटेस लागत. घोडे बदलण्याचें गांव तें बदलापूर, असें सांगतात. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही कथा टिको वा न टिको, मानवी व्यवहाराची एक खूण मात्र तिच्यांत अचूक उतरली आहे. दमलेला घोडा देणाऱ्यास त्याच्या साऱ्या खोडी ठाऊक असत. घेणाऱ्यास त्या पुढच्या मुक्कामाच्या वाटेवर कळत. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत आज जुनी मोटार एका घरांतून दुसऱ्या घरांत जाते, तेव्हांहि परिस्थिति हीच असते. विकणारा जाणत असतो, घेणारा तर्क करीत असतो. जुन्या वाहनांच्या बाजाराचा इतिहास म्हणजे हें अंतर कमी करण्यासाठीं माणसानें केलेल्या प्रयत्नांचा इतिहास होय. आणि ज्यास अशा वाहनाचें योग्य मोल करावयाचें आहे, त्यानें तो एकदां नजरेखालून घालणें हिताचें आहे.

मोटार येण्यापूर्वीं हा प्रयत्न जनावरांच्या बाजारांत चाले. बदलापुराहून मुरबाडच्या बाजूस गेलें कीं म्हसा हें गांव लागतें. पौषी पौर्णिमेस तेथें यात्रा भरते आणि बैलांच्या बाजाराकरितां ती ठाणें जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. अशा बाजारांत शेतकरी प्रथम बैलाचें तोंड उघडून दांत पाहतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, अशा पायऱ्यांनीं त्यास जनावराचें वय कळतें; कारण विकणाऱ्याच्या जिभेपेक्षां बैलाचे दांत अधिक सत्यवादी असतात. मग तो बैल चालवून पाहतो, खांदा चाचपतो, जमल्यास जुंपूनहि पाहतो. शिंगें तासून तेलानें चकचकीत केलेलीं दिसलीं तर त्या चकाकीस न भुलतां तो अधिकच सावध होतो. किंमत ठरे ती दलालाच्या मध्यस्थीनें, रुमालाखालीं धरलेल्या बोटांच्या खुणांनीं. भाव गुप्त राही. बैलाची परीक्षा मात्र उघड्यावर, चारचौघांदेखत होई.

प्राचीन धर्मशास्त्रकारांनींहि या प्रश्नाचा विचार केला होता. विकत घेतलेली वस्तु पारखून पाहण्यासाठीं याज्ञवल्क्य स्मृतींत निरनिराळ्या मुदती सांगितल्या आहेत : लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन दिवस, ओझें वाहणाऱ्या जनावरास पांच दिवस, रत्नांस सात दिवस आणि बियाण्यास दहा दिवस. दोष बाहेर पडण्यास जितका अवधि लागावयाचा तितकी मुदत द्यावयाची, असें यांतील मर्म दिसतें. वाहणारा पशु कांहीं दिवस राबविल्यावांचून त्याची खोड कळत नाहीं, ही गोष्ट त्या काळींहि ठाऊक होती. आजचा गृहस्थ मात्र पांच लाखांची मोटार पांच मिनिटें चालवून पाहतो आणि विसार देऊन मोकळा होतो!

१८५६ सालीं कल्याणहून पळसदरीपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि या वाटेवरील घोड्यांचें महत्त्व ओसरलें. पुढें १८९८ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर मोटार अवतरली. आरंभीं ती केवळ धनिकांची हौस होती. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें शिवडी येथें सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्याचा कारखाना काढला. मोटारींची संख्या वाढली आणि तिच्या मागोमाग जुन्या मोटारींचा बाजारहि वाढीस लागला. परंतु बैलबाजाराची शिस्त या नव्या बाजारांत उतरली नाहीं. बैलास दांत असतात, मोटारीस नसतात. त्यांतच १९३० सालीं मालविक्रीचा कायदा अमलांत आला. ‘घेणाऱ्यानें सावध राहावें’ हें इंग्लंडांतील जुनें तत्त्व त्याच्या सोळाव्या कलमांत आहे. विकणाऱ्यानें हमी दिली नसेल तर मालाच्या गुणाविषयीं सामान्यतः त्याच्यावर जबाबदारी येत नाहीं. तोच धंदा करणाऱ्या व्यापाऱ्यास आपली गरज सांगून, त्याच्या जाणतेपणावर विसंबून माल घेतला असेल, तर कायदा अपवाद करतो; पण शेजाऱ्याकडून किंवा कचेरींतील सहकाऱ्याकडून घेतलेल्या मोटारीस हा आधार सहसा मिळत नाहीं. स्मृतिकारांचे पांच दिवस गेले, आणि त्यांच्या जागीं घेणाऱ्याची सावधगिरी उरली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पेट्रोलवर नियंत्रण आलें. कांहीं वाहनें कोळशाच्या गॅसवर धावूं लागलीं, पुष्कळ मोटारी नुसत्या उभ्या राहिल्या. त्याच काळांत कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी वसली. युद्ध संपल्यावर लष्करानें वापरलेल्या जीपगाड्या आणि लॉऱ्या देशांत ठिकठिकाणीं विक्रीस निघाल्या. आणि फाळणीनंतर सिंधमधून निघालेलीं हजारों कुटुंबें कल्याणच्या छावणींतील बराकींत येऊन राहिलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली आणि छावणीचें उल्हासनगर झालें. तेथील पत्ते आजहि ‘कॅम्प एक’, ‘कॅम्प पांच’ असेच सांगितले जातात. सर्वस्व मागें ठेवून आलेल्या माणसास नवी वस्तु परवडत नसते. जुनी वस्तु नीट करून वापरणें आणि विकणें त्यास शिकावेंच लागतें. शेजारच्या अंबरनाथास आगपेट्यांचा मोठा कारखाना स्वातंत्र्यापूर्वींच निघाला होता. पुढें तेथें सरकारी शस्त्रनिर्मितीचा कारखाना व औद्योगिक वसाहत आली आणि पगारदार कुटुंबांची वस्ती वाढली. पगारदाराच्या शिलकींतून घरीं येणारी पहिली मोटार बहुधा जुनीच असते.

स्वातंत्र्यानंतरचीं पहिलीं पस्तीस वर्षें हा मोटारींच्या दुष्काळाचा काळ होता. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून प्रथम अमेरिकन बनावटीच्या मोटारी व नंतर फियाट बाहेर पडूं लागली. केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारनें उत्तेजन देणें थांबविलें. १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्सनें येथील काम आवरलें. १९५९ सालीं मोटारींचें वाटप व विक्री यांवर नियंत्रणाचा हुकूम निघाला. मागणी मोठी आणि उत्पादन तुटपुंजें, त्यामुळें नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. अशा वेळीं बाजाराचा नेहमींचा क्रम उलटा झाला. नवी मोटार नियंत्रित भावाची, परंतु कधीं मिळेल तें सांगतां येत नसे. जुनी आज हातीं पडे. म्हणून चांगली ठेवलेली जुनी फियाट कधीं कधीं नव्या मोटारीच्या ठरीव किंमतीहूनहि चढ्या भावानें विकली जाई. घेणारा लोखंडापेक्षां वेळ विकत घेत होता.

त्या काळाची एक सोय मात्र होती. फियाट, अँबॅसडर आणि स्टँडर्ड अशा दोन-तीनच जातींच्या मोटारी रस्त्यावर होत्या. प्रत्येक मिस्त्रीस त्यांचा खिळा न् खिळा पाठ असे आणि इंजिनाच्या आवाजावरून तो रोग सांगे. सुटे भाग मुंबईस ऑपेरा हाऊसच्या बाजूस मिळत, भंगारांतील भाग कुर्ल्यास मिळत. मिस्त्रीचा कान हाच तेव्हां बैलाच्या दांतांचा पर्याय ठरला.

डिसेंबर १९८३ मध्यें मारुति ८०० आली आणि हें चित्र पालटलें. १९९३ सालीं मोटार-उत्पादनावरील परवान्याचें बंधन उठलें व अनेक नव्या कंपन्या उतरल्या. त्यांतील एका उदाहरणाचा या भागाशीं जवळचा संबंध आहे. प्रीमियर आणि फ्रान्समधील प्यूजो यांनीं भागीदारींत कल्याण येथील कारखान्यांतून १९९४ च्या सुमारास ‘प्यूजो ३०९’ ही मोटार काढली. परंतु मजुरांचे तंटे व विक्रीव्यवस्थेंतील अडचणी यांमुळें उद्योग स्थिरावला नाहीं आणि १९९७ सालीं प्यूजोनें अंग काढून घेतलें. मोटार टाकाऊ नव्हती. पण जिचे सुटे भाग उद्यां मिळतील किंवा नाहीं याची खात्री नाहीं, तिला बाजारांत भाव राहत नाहीं. जुन्या वाहनाच्या किंमतींत त्याच्या भूतकाळाबरोबर भविष्यकाळहि मोजला जातो, हा धडा त्या मोटारींच्या धन्यांनीं स्वतःच्या खर्चानें घेतला.

भूतकाळ कळत नसला म्हणजे बाजाराचें काय होतें, याची मीमांसा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनीं १९७० सालच्या एका निबंधांत केली. अमेरिकन बोलींत वरून ठाकठीक पण आंतून बिघडलेल्या मोटारीस ‘लिंबू’ म्हणतात. निबंधाचें नांवहि लिंबांच्या बाजारावरूनच दिलेलें आहे. घेणाऱ्यास चांगली मोटार आणि लिंबू यांतील भेद ओळखतां येत नसेल तर तो दोहोंस मधला भाव देऊं करतो. तो भाव चांगल्या मोटारीच्या धन्यास परवडत नाहीं. तो आपली मोटार बाजारांत आणीत नाहीं. मागें लिंबेंच अधिक उरतात, म्हणून भाव आणखी घसरतो. या विचाराच्या गौरवार्थ त्यांस २००१ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. यावरून असें दिसतें कीं, लपवाछपवीनें केवळ घेणाऱ्याचें नव्हे, तर सचोटीनें विकणाऱ्याचेंहि नुकसान होतें. म्हणून जो मोटारीच्या प्रत्येक दुरुस्तीचीं बिलें जपून ठेवतो, तो कागद नव्हे, पैसेच जपत असतो.

उल्हास नदीच्या कांठीं या प्रश्नास आणखी एक धार आली आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पुरांत कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील सखल वस्त्या पाण्याखालीं गेल्या. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा पुरांत इमारतींच्या तळांत उभ्या असलेल्या मोटारी बुडतात. इंजिनांत पाणी शिरल्यावर कोणीं तें सुरू करूं गेलें तर आंतील दांडे वांकतात. विजेच्या तारांचे सांधे तर महिन्यां-दोन महिन्यांनीं सडूं लागतात. दरम्यान मोटार धुऊन, रंगवून, सुगंधी फवारा मारून विक्रीस उभी राहते. तासलेल्या शिंगांचाच हा नवा अवतार.

बुडालेली मोटार ओळखण्याच्या खुणा सांगण्यासारख्या आहेत. पुढचा सुरक्षापट्टा पूर्ण बाहेर ओढावा. एरवीं गुंडाळलेल्या भागावर मातकट रेघ असेल तर पाणी कोठपर्यंत चढलें होतें तें तीच सांगते. पायाखालचा गालिचा उचलून पत्रा पाहावा. बैठकीच्या रुळांवर व स्क्रूंवर गंज आहे काय, डिकींतील जादा चाकाच्या खळग्यांत गाळ आहे काय, दिव्यांच्या कांचेआड बाष्प धरलें आहे काय, तें पाहावें. कुबट वास एकदां मुरला कीं सहसा जात नाहीं. आणि मोटारींत फार सुगंध येत असेल तर तोहि संशयास कारण आहे.

आतां प्रत्यक्ष मोल कसें करावें? आरंभ नव्या मोटारीच्या आजच्या किंमतीपासून करावा. धन्यानें पूर्वीं काय दिलें होतें याचा संबंध थोडाच असतो. विमा कंपन्या मोटारीची विमा-किंमत ठरवितांना घसाऱ्याचें एक कोष्टक वापरीत आल्या आहेत : सहा महिन्यांपर्यंत शेंकडा ५, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पांचपर्यंत ५०. हें कोष्टक म्हणजे बाजारभाव नव्हे. परंतु बोलणीं सुरू करण्यास पाया म्हणून उपयोगी आहे. समजा, नवी मोटार आज ८ लाखांची आहे आणि विक्रीस आलेली साडेचार वर्षांची आहे. पाया ४ लाखांचा झाला. तिला टायर, बॅटरी आणि क्लच यांसाठीं ४० हजार रुपये लगेच खर्चावे लागणार असतील, तर खरी तुलना ३ लाख ६० हजारांशीं करावी. धनी एकच असेल, दुरुस्तीचीं बिलें सलग असतील आणि त्या जातीस मागणी असेल, तर कांहीं वाढवावें. दोन-तीन धनी झाले असतील, अपघात झाला असेल किंवा कंपनीनें ती जात बंद केली असेल, तर कमी करावें. पुराची खूण दिसली तर भाव करूंच नये, परत फिरावें.

तपासणी दिवसाउजेडीं करावी आणि इंजिन थंड असतांना तें आपल्यासमोर सुरू करवावें; आधींच तापवून ठेवलेलें इंजिन पुष्कळ दोष झांकतें. धूर निळसर असेल तर तेल जळतें आहे, काळा असेल तर इंधन वाजवीपेक्षां अधिक जातें आहे, आणि पांढरा धूर थांबतच नसेल तर थंड करणारें पाणी इंजिनांत शिरतें आहे, असें समजावें. अंतरमापकाच्या आंकड्यावर एकट्यावर विसंबूं नये, कारण तो मागें फिरवतां येतो. टायराच्या कडेवर चार आंकडी तारीख असते. ३२१९ याचा अर्थ २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. पायदळांचें रबर झिजून गुळगुळीत झालें आहे आणि मापक मात्र वीस हजार किलोमीटर दाखवितो, अशी विसंगति दिसली तर रबर खरें मानावें. दारांच्या फटी सारख्या नसल्या किंवा एका भागाचा रंग निराळा दिसला, तर अपघाताची चौकशी करावी. शेवटीं मोटार अर्धा-एक तास, चढावर व खराब रस्त्यावर चालवावी, आणि आपल्या ओळखीच्या मिस्त्रीस दाखवावी. विकणाऱ्यानें सुचविलेल्या मिस्त्रीस नव्हे.

यंत्रापेक्षां अधिक धोका कागदांत असतो. नोंदणीपुस्तकावरील चासीचा व इंजिनाचा क्रमांक प्रत्यक्ष मोटारीवरील क्रमांकाशीं ताडून पाहावा. कर्ज देणाऱ्या बँकेचें नांव त्यावर असेल तर ती नोंद रद्द झाल्यावांचून पुरते पैसे देऊं नयेत. थकलेले दंड व विम्याची मुदत पाहावी. विम्याच्या हप्त्यांतील ‘दावा न केल्याबद्दलची सूट’ ही धन्याची असते, मोटारीची नव्हे. ती घेणाऱ्याकडे येत नाहीं. खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षें चालते. एप्रिल २०२२ पासून तिच्या नूतनीकरणाचें शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेलें, म्हणून चौदा वर्षांची मोटार स्वस्त वाटली तरी हा हिशेब धरावा.

विकणाऱ्याचा सर्वांत मोठा घात होतो तो येथेंच. मोटार दिली, पैसे घेतले, किल्ली गेली, म्हणजे आपण सुटलों असें त्यास वाटतें. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या पन्नासाव्या कलमाप्रमाणें, एकाच राज्यांतील व्यवहार असेल तर विकणाऱ्यानें १४ दिवसांत विक्री कळवावयाची असते आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांत मालकीची नोंद बदलून घ्यावयाची असते. या तीन शहरांचा कारभार कल्याणच्या परिवहन कार्यालयाकडे असून तेथील वाहनांवर ‘एमएच ०५’ ही अक्षरें असतात. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या एका खटल्यांत मूळ धन्यानें मोटार विकली होती, ती पुढें एकामागून एक आणखी हातांत गेली होती. परंतु नोंदणी मूळ नांवावरच राहिली. त्या मोटारीनें अपघात केला, आणि ज्याच्या नांवावर नोंदणी तोच मालक, असें ठरवून न्यायालयानें नुकसानभरपाईचा बोजा मूळ धन्यावर टाकला. मोटार जाऊन जवळजवळ दोन वर्षें झालीं होतीं, तरी नोंदीनें त्यास सोडलें नाहीं. म्हणून सहीचे कोरे नमुने दलालाच्या हवालीं करून निश्चिंत होणें हें विकणाऱ्यानें कधींहि करूं नये. दलाल मध्यें असेल तर डिसेंबर २०२२ मध्यें केलेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें तो अधिकृत विक्रेता आहे काय, हें विचारावें आणि मोटार त्याच्या ताब्यांत दिल्याची सूचना परिवहन खात्याकडे नोंदवावी.

म्हशाच्या बाजारांत बैलाचें तोंड चारचौघांसमोर उघडलें जातें, आणि त्यांत विकणाऱ्यास अपमान वाटत नाहीं. जुन्या मोटारीच्या व्यवहारांतहि हीच रीत असावी. तिचे दांत बिलांत आहेत, पत्र्याखालीं आहेत आणि नोंदणीपुस्तकांत आहेत. घेणाऱ्यानें ते संकोच न करतां पाहावेत, विकणाऱ्यानें ते आपण होऊन दाखवावेत, आणि दोघांनीं मिळून नांव बदलल्याचा कागद हातीं येईपर्यंत सौदा पुरा झाला असें मानूं नये.